आळस नव्हे, रक्तातले लोखंड कमी!



आम्ही पडलो कारकून माणूस. बी.कॉम. झालो, नोकरीला चिकटलो, आणि आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. तरीही आज आम्ही पेशीच्या आतल्या कारभारावर लिहिणार आहोत. कारण एक हिशोब चुकला होता, आणि तो आमच्याच हातून चुकला होता. त्याची कबुली दिल्याशिवाय पुढे लिहिणे बरे नव्हे.

गोष्ट २०१० च्या उन्हाळ्यातली. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. (पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) मोखाड्याकडच्या एका पाड्याजवळ रोजगार हमीचे मातीकाम चालले होते आणि हजेरीपटाचे काम काही दिवस आमच्याकडे आले होते. बायका-माणसे टोळीने काम करीत. चौकडी खणायची, माती घमेल्यात भरायची, हातोहात पुढे द्यायची. संध्याकाळी मोजमाप व्हायचे आणि जेवढी माती तेवढी मजुरी टोळीत वाटली जायची.

त्या टोळीत एक बाई होती. वय असेल तेवीस-चोवीस. दहा-बारा घमेली झाली की मटकन खाली बसायची. छातीवर हात ठेवून धापा टाकायची. बाकीच्या बायका कुरकुर करू लागल्या, कारण ती बसली की सगळ्यांचीच मजुरी कमी व्हायची. मुकादमाने दोनदा दम दिला. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या नावापुढे शेरा मारला, 'कामात टाळाटाळ'. चौथ्या दिवसापासून ती आलीच नाही. आम्हालाही बरे वाटले. काम नियमात झाले, वही स्वच्छ राहिली.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या गावी रक्ततपासणीचे शिबिर होते. मदतीला म्हणून आम्ही टेबलावर नावे लिहायला बसलो होतो. रांगेत तीच बाई उभी. पोटाशी होती. ओठ पांढरे, नखे पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर तीही कागदासारखी. नर्सताईने बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा वाचला आणि आम्हाला म्हणाल्या, "लिहा भाऊ, पाच पूर्णांक आठ." आम्ही लिहिले. मग विचारले, "किती पाहिजे?" त्या म्हणाल्या, "गरोदर बाईला निदान अकरा पाहिजे. सातच्या खाली म्हणजे दवाखान्यात भरतीच करायची."

म्हणजे जिच्या अंगात निम्मेच रक्त होते, तिच्या नावापुढे आम्ही टाळाटाळीचा शेरा मारला होता. चौकशी केली तेव्हा कळले की, घरच्यांनी तिला आधी भगताकडे नेले होते. त्याने बाहेरची बाधा सांगून कोंबडे घेतले. भगत म्हणाला बाधा, आम्ही म्हणालो आळस. दोघांपैकी कोणाचे अज्ञान मोठे, हे वाचकांनीच ठरवावे. भगत शाळेत गेलेला नव्हता. आमच्या भिंतीवर मात्र पदवी टांगलेली होती.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयाचे जे मिळेल ते वाचले, कळले नाही ते डॉक्टरांना आणि शाळेच्या गुरुजींना विचारले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

भाकरीची ताकद कशी होते?

आपण भाकरी खातो आणि अंगात ताकद येते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण भाकरी पोटात गेली म्हणजे ताकद झाली असे नाही. चुलीशेजारी लाकडे रचून ठेवली म्हणून भात शिजत नाही. लाकूड पेटावे लागते आणि पेटायला हवा लागते. चूल धुमसू लागली की आई फुंकणीने फुंकर घालते ती याचसाठी.

भाकरीतल्या पिठाचे आतड्यात ग्लुकोज होते. ते रक्तात उतरते आणि अंगातल्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचते. पेशी म्हणजे शरीराची वीट. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण जिवंत. पेशीच्या आत त्याहून लहान भट्ट्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटले आहे. जी पेशी जास्त राबते तिच्यात तंतुकणिका जास्त. हृदयाच्या एका पेशीत त्या हजारोंनी असतात. या भट्ट्यांत ग्लुकोज प्राणवायूच्या मदतीने जाळले जाते. यालाच ऑक्सिश्वसन म्हणतात. नाकाने श्वास घेणे ही त्याची नुसती वर्दी. खरे श्वसन पेशीत चालते.

हे जळणे चुलीसारखे भडकून होत नाही, नाहीतर माणूस आतून भाजला असता. ते पायरी-पायरीने होते. पहिल्या पायरीत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. त्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. हे काम तंतुकणिकेच्या बाहेर होते आणि त्याला प्राणवायू लागत नाही. मग तुकडे भट्टीत शिरतात. तिथे त्यांच्यातला कर्ब कर्बवायू होऊन सुटतो आणि आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. काल खाल्लेली भाकरी आज श्वासावाटे हवेत जाते, हे ऐकून आम्हाला मोठी गंमत वाटली होती.

आतल्या या फेऱ्याला क्रेब चक्र म्हणतात. हान्स क्रेब हा जर्मनीतला शास्त्रज्ञ. तो ज्यू म्हणून जन्मला, एवढ्यासाठी १९३३ साली हिटलरच्या राजवटीत त्याची नोकरी गेली. तो इंग्लंडला गेला, १९३७ साली त्याने हे चक्र उलगडले आणि १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

घमेल्यांची रांग

आता पुढची पायरी. ती समजायला आम्हाला त्या मातीकामाचीच आठवण कामी आली. ग्लुकोज जळताना त्यातून इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण निघतात. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची एक रांग उभी असते. ही प्रथिने ते इलेक्ट्रॉन घमेल्यासारखे हातोहात पुढे देतात. रांगेच्या शेवटी उभा असतो प्राणवायू. तो घमेले रिकामे करून घेतो आणि त्याचे पाणी होते. शेवटचा माणूसच नसेल तर काय होईल? घमेले कोणाकडे द्यायचे? भरली घमेली हातात घेऊन सगळी रांग जागच्या जागी थांबेल. प्राणवायूचे काम हे असे शेवटच्या माणसाचे आहे. दिसायला थोडे, पण त्याच्यावाचून सारे ठप्प.

ही रांग चालू असताना पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण साठत जातात, जसे धरणामागे पाणी तुंबते. मग एका बारीकशा चक्रातून ते परत खाली येतात आणि ते चक्र खरोखर फिरते. धरणाचे पाणी चक्रावर सोडून वीज काढतात, तोच प्रकार. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जाणकारांनी ती मानली नाही. १९७८ साली त्यालाही नोबेल मिळाले.

या चक्रातून जी वीज निघते ती तारेतून वाहत नाही. ती सुट्या नाण्यांच्या रूपात निघते. त्या नाण्याचे नाव एटीपी. बोट हलवायचे असो, डोळा मिटायचा असो, हृदयाचा ठोका असो, की पोटातले मूल वाढवायचे असो, शरीर खर्च करते ते याच नाण्यात. नाणी साठवून ठेवायची सोयही फारशी नाही. रोज पाडायची आणि रोज मोडायची. दिवसभरात शरीर जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी पाडते आणि मोडते.

या नाण्याचा शोध १९२९ साली लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी लावला आणि त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के यांच्यासोबत काम करणाऱ्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या देशातल्या माणसाने लावला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५ चा. गरिबीतून शिकले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दोन आणि तीस

आता आमचा विषय, जमाखर्च. ग्लुकोजचा एक रेणू प्राणवायूशिवाय मोडला तर पेशीच्या गल्ल्यात पडतात दोन नाणी. तोच रेणू प्राणवायूच्या मदतीने पुरता जाळला तर पडतात तीस ते बत्तीस. (जुन्या पुस्तकांत छत्तीस किंवा अडतीस असा आकडा होता, पुढच्या संशोधनात तो कमी भरला.) जळण तेच, ग्लुकोज तेच, पण मिळकतीत पंधरा पटींचा फरक!

प्राणवायूशिवाय जगणाऱ्या पेशी आहेत का? आहेत. आमच्या भागात मोहाची फुले भिजत घालून मडक्याचे तोंड बांधतात. आतल्या किण्वाच्या पेशींना हवा मिळत नाही, मग त्या दोन नाण्यांवर भागवतात आणि उरलेल्या मालाची दारू होते. नाचणीच्या आंबिलीचा आंबटपणाही असाच. तिथल्या जंतूंनी अर्धवट मोडलेल्या साखरेचे ते लॅक्टिक आम्ल. आपल्या स्नायूंतही हे घडते. पळत जाऊन एस.टी. पकडली की काही क्षण स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. मग पेशी अर्धवट मोडीवर निभावते आणि तिथेही तेच लॅक्टिक आम्ल तयार होते. पण ही उसनवारी झाली. उसनवारीवर चार घटका निघतात, दिवसभराचे मातीकाम निघत नाही.

हमाल आणि लोखंड

मग हा प्राणवायू पेशीपर्यंत नेतो कोण? रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांना आम्ही हमाल म्हणतो. गंमत अशी की, या हमालांच्या आत तंतुकणिका नसतातच. स्वतः ते दोन नाण्यांवर गुजराण करतात आणि पाठीवरच्या प्राणवायूतला कणही वापरत नाहीत. पोती वाहणारा प्रामाणिक हमाल पोत्यातला दाणा खात नाही, तसे. असा हमाल सुमारे १२० दिवस राबतो आणि मरतो. त्याच्या जागी नवा लागतो.

हमालाच्या पाठीवरची टोपली म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या एका रेणूत लोखंडाचे चार अणू असतात आणि एकेक अणू प्राणवायूचा एकेक रेणू धरतो. लोखंड नसेल तर टोपली विणताच येत नाही.

आता त्या बाईचा हिशोब मांडू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू उचलते. शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर प्राणवायू झाला सुमारे १६ मिलिलिटर. हृदय स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलते. म्हणजे मिनिटाची जमा सुमारे ८०० मिलिलिटर. नुसते जिवंत राहण्याचा खर्च २५० च्या आसपास. शिल्लक साडेपाचशे. त्या बाईचे हिमोग्लोबिन ५.८. तिची जमा ३९० च्या आत. घरभाडे तेच अडीचशे, वर पोटातल्या बाळाचा वाटा वेगळा. शिल्लक किती? दीडशेसुद्धा नाही.

एवढ्या शिलकीवर खणायचे कसे? मग बिचारे हृदय धावू लागते. थोड्या हमालांकडून जास्त फेऱ्या करून घेते. म्हणून छाती धडधडते, म्हणून धाप लागते, म्हणून माणूस मटकन बसतो. तो बसतो तेव्हा त्याची नियत बसलेली नसते, त्याच्या पेशींचा गल्ला रिकामा झालेला असतो.

लोखंडाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. घमेल्यांच्या त्या रांगेतल्या प्रथिनांतही जागोजाग लोखंड बसवलेले असते. म्हणजे प्राणवायू आणणाऱ्या हमालालाही लोखंड पाहिजे आणि तो जाळणाऱ्या भट्टीलाही लोखंड पाहिजे. लोखंड घटले की दोन्हीकडून मार. म्हणूनच अशा मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या भागाइतका, पण स्वस्थ बसलेल्या शरीरातला जवळजवळ पाचवा हिस्सा प्राणवायू एकटा खातो. वर्गात पेंगणाऱ्या पोरीला छडी मारण्याआधी गुरुजींनी तिची पापणी ओढून पाहावी.

जव्हार-मोखाड्यातच का?

१९९२ च्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, साहेब आले, गाड्या आल्या. पण कुपोषण आणि रक्तक्षय या भागातून हटले असे आजही कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

इथले वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी बांधव आळशी आहेत काय? डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिकवून पाहा, मग बोला. पावसाळा संपतो, कणगी रिकामी होते आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा रेतीच्या कामाला निघतात. गरोदर बाई जाते, अंगावरचे मूल जाते. अंगणवाडी गावात राहते आणि तिची लाभार्थी वीटभट्टीवर. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, पण एप्रिल-मे मध्ये इथल्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. भरलेला हंडा चढणीवरून नेणे म्हणजे प्रत्येक पावलाला एटीपीचा खर्च. जमेच्या बाजूला काय? भात, मीठ, मिरची. जळणही अपुरे आणि हवाही अपुरी.

त्यावर जंतांची भर. अनवाणी पायांतून आकडेकृमी शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. हिवताप झाला तर तो तांबड्या पेशीच फोडतो. आणि वर लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे. प्रत्येक बाळ आईच्या साठ्यातले लोखंड घेऊनच जन्माला येते.

पण शहरातल्या वाचकांनी हे जंगलातले दुखणे समजू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या, सहा महिन्यांपुढच्या मुलांत तर ६८.९ टक्के. म्हणजे चाळीतल्या दोन बायकांपैकी एकीला हे दुखणे आहे. त्या शिबिरानंतर आम्ही आमच्या मंडळींचे रक्त तपासून घेतले. ९.४ निघाले! वर्षानुवर्षे संध्याकाळी "तू इतकी चिडचिड का करतेस?" असे आम्ही विचारीत होतो. सर्वांचे जेवण झाल्यावर पातेल्यात काय उरते, ते मात्र कधी विचारले नव्हते.

मुंबईच्या गिरणी कामगारणींची देणगी

या दुखण्यावरच्या औषधाचा एक धागा आपल्याच मुंबईतून गेलेला आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायका रक्तक्षयाने का मरतात, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. हे बायकांच्या कमकुवत जातीमुळे नव्हे, खाण्यातल्या कमतरतेमुळे होते, हे त्यांनी दाखवून दिले. यीस्टचा स्वस्त अर्क दिला की बायका सुधारत. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या तांबड्या पेशी घडायला ते लागते. पालेभाजीच्या पानांत ते असते, आणि नावही पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पडले. पुढे १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख कोण? तेच आपले सुब्बाराव! शक्तीचे नाणे शोधण्यातही त्यांचा हात आणि रक्ताचे औषध घडवण्यातही.

आणि त्याच १९२८ साली, २८ जुलै रोजी, मुंबईच्या कायदे मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी विश्रांती मिळावी, म्हणून बोलायला उभे राहिले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. प्रयोगशाळेत एक बाई त्या कामगारणीच्या रक्तात काय कमी आहे हे शोधत होती आणि सभागृहात बाबासाहेब तिच्या विसाव्याचा हक्क मागत होते. औषध आणि हक्क दोन्ही लागतात. नुसत्या गोळीने भागत नाही आणि नुसत्या कायद्यानेही नाही.

घरात काय करावे?

आम्ही डॉक्टर नाही. तरी डॉक्टरांनी आणि आशाताईंनी सांगितलेले चार शब्द लिहितो.

पहिले, तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईला १२, गरोदरपणी ११, पुरुषाला १३ पाहिजे. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हीसुद्धा लोखंड कमी असल्याची खूण असते. त्या पोरीला मारू नका, तपासा.

दुसरे, गोळी. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोखंड आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. गरोदरपणी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. गोळीने शौचाला काळे होते, ते रक्त नव्हे, घाबरू नये. मळमळले तर जेवणानंतर घ्यावी, पण फेकू नये. आठ दिवसांत गुण येत नाही, कारण हमालांची नवी भरती व्हायला महिने लागतात. गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

तिसरे, अन्न. शेवग्याचा पाला, माठ, टाकळा, कडधान्ये, नाचणी, तीळ ही सारी आपली. त्यावर लिंबू पिळा, आवळा खा, म्हणजे लोखंड चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा पिऊ नका, चहा लोखंड अडवतो. सुकट, जवळा, मासे, मटण, कलेजी, रक्ती यांतले लोखंड शरीर सर्वांत सहज घेते. ज्या रक्ती-कलेजीला पांढरपेशे नाके मुरडत आले, तिच्यावर आपल्या आयांनी पिढ्या वाढवल्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली, अंगणवाडीत एक वेळचा गरम सकस आहार. आपल्या पाड्यावरच्या अंगणवाडीत तो खरोखर शिजतो का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे.

चौथे, सिकलसेल. या आजारात तांबडी पेशी प्राणवायू सोडताना विळ्यासारखी वाकते आणि लवकर मरते. आदिवासी बांधवांत आणि विदर्भातल्या आपल्या समाजातही हा आनुवंशिक आजार आढळतो. अशांनी लोखंडाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. लग्न ठरवताना पत्रिका नको, ही तपासणी करा.

आणि पाचवे, थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणारा विषारी वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. हमाल आहेत, टोपल्या आहेत, पण सगळ्या विषाने भरलेल्या. माणूस झोपेतच जातो.

शेवटी

तथागतांची एक कथा आहे. आळवी नगरीत ते उपदेशासाठी आले होते. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत दिवसभर रानात हिंडून उपाशीपोटी तिथे पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, तो जेवेपर्यंत थांबले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्याला उपदेश कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आम्ही मात्र भुकेलेल्या बाईला शेरा दिला होता.

ती बाई वाचली. दवाखान्यात ठेवून तिला रक्त दिले, मग गोळ्या चालू झाल्या. मुलगी झाली, वजनाने कमी, पण जगली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिला त्याच भागात दुसऱ्या कामावर पाहिले. घमेले उचलत होती. आम्ही जवळ जाऊन म्हणालो, "बाई, गेल्या साली आम्ही तुझ्या नावावर चुकीचे लिहिले होते." ती हसली आणि म्हणाली, "भाऊ, मला कुठं वाचता येतंय?"

ते उत्तर आम्हाला अजून टोचते. तिला वाचता येत नव्हते म्हणून आमचा शेरा खपून गेला. तेव्हा वाचकहो, घरात, कारखान्यात, शाळेत कोणी सारखे दमत असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी तपासणीला घेऊन चला. आणि आज रात्री जेवताना घरातल्या बाईचे ताट आपल्याबरोबरच वाढा.